न मिसळणाऱ्या वाद्यांचं संगीत

चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांचं संगीत. प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ, ती वाजवायला एकच माणूस, आणि समोर काठी हलवणारा कंडक्टर बहुधा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हायडननं या प्रकाराला जे रूप दिलं, त्यात मानाचं पान स्ट्रिंग क्वार्टेटला मिळालं: दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुरांचं), एक चेलो (त्याहून मोठं, गुडघ्यांत धरून वाजवायचं). चारही वाद्यं एकाच कुळातली. लाकडाची पोकळ पेटी, चार तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. चौघं चांगले असले की सोळा तारांचं एकच वाद्य वाजतंय असा भास होतो, आणि दीडशे वर्षं संगीतकारांना हवं होतं ते हेच.

विसाव्या शतकात काही संगीतकारांनी उलटी वाट धरली. एक बासरी, एक क्लॅरिनेट, एक व्हायोलिन, एक चेलो, एक पियानो असे पाच जण एकत्र बसवायचे. हे पाच आवाज कितीही प्रयत्न केला तरी पूर्ण विरघळत नाहीत. आज जगभर जे नवं चेंबर म्युझिक लिहिलं जातं, त्यातला मोठा हिस्सा अशा मिश्र वाद्यमेळांसाठी असतो. पहिल्यांदा ऐकणारा बहुधा गोंधळतो. चाल कुठाय, सम कुठाय, हे लोक एकमेकांचं ऐकताहेत तरी का, असे प्रश्न पडतात. माझं मत असं की या संगीताच्या अवघडपणाचा निम्मा भाग चुकीच्या गोष्टीकडे कान लावल्यामुळे येतो. इथे चालीइतकंच, कधी चालीपेक्षा जास्त, महत्त्व असतं ते सूर कसा जन्मतो आणि कसा विझतो याला.

मध्य सप्तकातला कुठलाही एक सूर घ्या. पियानोवर तो म्हणजे तारेवर पडलेला हातोडीचा घाव. घाव पडला त्या क्षणी आवाज सर्वांत मोठा, पुढे नुसती उतरण. वादक कितीही थोर असो, पट्टी एकदा दाबली की तो सूर त्याला फुगवता येत नाही. सतारिये ज्याला आस म्हणतात, म्हणजे घावानंतर रेंगाळणारा नाद, तेवढी त्याच्या हाती उरते. क्लॅरिनेटचं नेमकं उलट. वेताची पातळ पट्टी ओठांत धरून वादक इतक्या हळू फुंकू शकतो की सूर कधी सुरू झाला हे कळतच नाही, आणि मग तोच सूर कानठळ्या बसेपर्यंत वाढवता येतो. (लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवरून या वाद्याचं मोजमाप करू नका. बिचाऱ्याला तिथे ट्रम्पेट आणि ढोलाशी झुंजायचं असतं.) बासरीत हवा कडेवर आपटून दुभंगते, म्हणून सुराच्या आधी श्वास ऐकू येतो. बासरी जोरानं फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेट जोरानं फुंकलं की थेट वरच्या सप्तकातला पंचम लागतो, कारण त्याची नळी मुखाकडच्या बाजूनं बंद असल्यासारखी वागते. व्हायोलिन आणि चेलो गज चालू आहे तोवर सूर धरून ठेवतात, शिवाय मींड घेतात, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जातात. पियानोला मींड नाही. त्याच्या सप्तकाचे बारा समान तुकडे आधीच करून ठेवलेले असतात. हार्मोनियमवर आपल्याकडे वर्षानुवर्षं जो आक्षेप घेतला गेला, तोच इथेही लागू.

मिश्र वाद्यमेळासाठी लिहिणाऱ्यासमोर मांडलेला कच्चा माल हा असा आहे. आता त्याचं कुणी काय केलं ते पाहू.

या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९१२ पासून मोजतात. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला बर्लिनमध्ये आर्नोल्ट शोनबर्गची 'पिएरो ल्युनेर' ही रचना पहिल्यांदा सादर झाली. आल्बर्टिने त्सेमे या अभिनेत्रीनं ती मागवली होती. पिएरो नावाच्या, चंद्रानं झपाटलेल्या विदूषकावरच्या एकवीस कविता, एक स्त्रीचा आवाज आणि पाच वादक. त्सेमे नाटकी वेशात पुढे, वादक पडद्याआड. तिनं गायचंही नाही आणि नुसतं बोलायचंही नाही. लिहिलेल्या सुराला स्पर्श करायचा आणि लगेच तो सोडून वर किंवा खाली घसरायचं.

वादक पाच, पण वाद्यं आठ. बासरीवाला पिकोलो उचलतो, क्लॅरिनेटवाला खर्जातलं बास क्लॅरिनेट, व्हायोलिनवाला व्हिओला. त्यामुळे शोनबर्गला बहुतेक प्रत्येक कवितेला वेगळी जुळणी देता आली. सातव्या कवितेत आजारी चंद्राला साथ फक्त एका बासरीची. अठरावी कविता तर या सगळ्या प्रकारामागचं तर्कशास्त्र उघड करून दाखवते. पिएरोला आपल्या काळ्या कोटावर पाठीमागे पांढरा डाग दिसतो. तो घासत सुटतो. डाग चंद्रप्रकाशाचा आहे. संगीतात पिकोलो आणि क्लॅरिनेट एकमेकांचा पाठलाग करतात, व्हायोलिन आणि चेलो त्यांचा वेगळा पाठलाग करतात, पियानो खाली तिसरंच काही विणतो, आणि मध्यावर येऊन वरच्या दोन्ही जोड्या उलट फिरतात: आलेले सगळे सूर शेवटाकडून सुरुवातीकडे. हीच गंमत चार व्हायोलिनांवर केली असती तर नुसता गलका झाला असता. आवाजांचे पोत वेगळे असल्यामुळेच कानाला धागे सुटे धरता येतात.

सहा वर्षांनी स्ट्राविन्स्कीनं स्वित्झर्लंडमध्ये 'सैनिकाची गोष्ट' लिहिली. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, पैसा नाही, मोठा ऑर्केस्ट्रा परवडणं शक्य नाही. त्यानं सात वादक घेतले, पण निवड हिशेबी. प्रत्येक कुळातलं एक उंच आणि एक खर्जातलं वाद्य: व्हायोलिन आणि डबल बास, क्लॅरिनेट आणि बासून, कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन. सातवा तालवाद्यांवर. थोडक्यात, अख्ख्या ऑर्केस्ट्राचा सांगाडा. २८ सप्टेंबर १९१८ ला लोझानमध्ये प्रयोग झाला, आणि गावोगावचा ठरलेला दौरा मात्र त्या साली पसरलेल्या फ्लूच्या साथीनं बुडवला.

टंचाईतून जुळणी ठरण्याचं सर्वांत टोकाचं उदाहरण ओलिव्हिए मेसियाँचं आहे, आणि ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात एक धागा थेट देवगिरीपर्यंत येतो.

१९४० मध्ये फ्रेंच सैन्यातला मेसियाँ जर्मनांच्या हाती सापडला आणि ग्योर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोचला. छावणीची ती जागा आज पोलंडमध्ये येते. सोबतच्या कैद्यांत आंरी आकोका हा क्लॅरिनेटवादक, एतिएन पास्किए हा चेलोवादक आणि जाँ ल बुलेर हा व्हायोलिनवादक होते. आधी त्यानं या तिघांसाठी एक छोटा तुकडा लिहिला, कारण पियानो नव्हताच. पुढे एक उभा पियानो मिळाला, तोही बेसूर. कार्ल-आल्बर्ट ब्र्यूल नावाच्या जर्मन पहारेकऱ्यानं कागद, पेन्सिली आणि खोडरबर पुरवले. १५ जानेवारी १९४१ ला, कडाक्याच्या थंडीत, छावणीच्या एका बराकीत 'काळाच्या अंतासाठी क्वार्टेट' ही आठ भागांची रचना वाजली. मेसियाँ पुढे सांगायचा की श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. पास्किएनं हे दोन्ही खोडून काढलं: तारा चार होत्या आणि बराकीत काहीशे माणसंच मावत होती. चेलोवादकाला स्वतःच्या तारा मोजता येत असाव्यात असं धरून मी पास्किएच्या बाजूनं.

क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो ही जुळणी मेसियाँनं निवडली नव्हती, नशिबानं ती त्याच्या पुढ्यात टाकली. तरी तिचं त्यानं काय केलं पाहा. आठपैकी फक्त चार भागांत चौघं एकत्र वाजवतात. तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा. त्यात काही लांब सूर आहेत, जे शांततेतून ऐकू येतील-न येतीलसे निघतात आणि सहन होण्याच्या सीमेपर्यंत वाढत जातात. पियानोला हे जन्मात जमणार नाही. पाचवा भाग चेलो आणि पियानोचा, आठवा व्हायोलिन आणि पियानोचा. हे दोन्ही मेसियाँच्या जुन्या रचनांवरून घेतलेले आहेत, आणि गंमत अशी की मूळ वाद्यं होती ओंद मार्तनो हे विजेवर चालणारं वाद्य आणि चर्चचा ऑर्गन. दोन्हींवर सूर हवा तितका वेळ जसाच्या तसा टिकतो. पियानोवर तो विझतो. म्हणून मेसियाँनं पियानोला तेच स्वरसमूह, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर, पुन्हा पुन्हा, ठोक्यामागून ठोका वाजवायला लावले आणि वर गजाच्या वाद्याला लांबच लांब अखंड सूर दिला. एक काळाचे तुकडे पाडतो आहे, दुसरा काळ थांबल्यासारखा वागतो आहे. रचनेचं नाव आठवा. सहाव्या भागात तो आणखी वेगळं करतो: चौघांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ओळ देतो. चार भिन्न आवाज एकाच सुरावर आदळले की त्यातून पाचवाच, धातूसारखा आवाज तयार होतो.

आता देवगिरी. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकशे वीस देशी तालांची यादी आहे. ही यादी पॅरिसमध्ये छापलेल्या एका संगीतकोशात आली, आणि तरुण मेसियाँला ती तिथे सापडली. तो तिच्या प्रेमात पडला, आयुष्यभरासाठी. क्वार्टेटच्या पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांची मिळून बनलेली आहे. तिन्ही मिळून सतरा आघात, लहानमोठ्या लांबीचे. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून.

पण सुरांचं चक्र वेगळं. पियानोवर एकोणतीस स्वरसमूहांची माळ फिरते. लयीचं आवर्तन सतराचं, सुरांचं एकोणतीसचं. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे दोन्ही चक्रं पुन्हा एकत्र पहिल्यावर यायला सतरा गुणिले एकोणतीस, म्हणजे ४९३ आघात लागतील. हा भाग जेमतेम तीन मिनिटांचा. सम येण्याच्या कितीतरी आधी संगीत थांबतं. दुसरीकडे चेलो पाचच सुरांची साखळी पंधरा लांबींच्या लयीत गुंफतो, तीही पियानोला न जुमानता. वरती क्लॅरिनेट ब्लॅकबर्डसारखं आणि व्हायोलिन नाइटिंगेलसारखं किलबिलतं, कुणाच्याच ताब्यात नसल्यासारखं.

आपल्या कानाला इथे एक अडचण येते. तालांची नावं ओळखीची वाटतात आणि आपण समेची वाट पाहू लागतो. मेसियाँनं तालांकडून घेतल्या त्या फक्त लांब्या: लघु, गुरू, द्रुत यांचे आराखडे. ठेका, खाली, समेवर येण्याचा आनंद यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. कोशातल्या यादीतून ते पोचणारही नव्हतं. याला कुणी उसनवारी म्हणेल, कुणी गैरसमज. मला तो फलदायी गैरसमज वाटतो. समेवर कधीच न येणारं आवर्तन ही कल्पना तालात वाढलेल्या माणसाला सुचली असती का, याबद्दल मी साशंक आहे.

पुन्हा शोनबर्गच्या पाच वाद्यांकडे. १९६७ मध्ये लंडनमध्ये पीटर मॅक्सवेल डेव्हिस आणि हॅरिसन बर्टविसल या दोन संगीतकारांनी 'पिएरो प्लेयर्स' नावाचा गट काढला. नावच सांगतं की हाताशी असलेली जुळणी कोणती. १९७० मध्ये गटाचं नाव 'फायर्स ऑफ लंडन' झालं. त्यांनी पाच जणांत तालवाद्यांचा एक वादक वाढवला आणि ही सहा जणांची जुळणी जगभर रुळली. त्यांची गाजलेली रचना १९६९ ची, डेव्हिसची 'वेड्या राजाची आठ गाणी'. वेड लागलेला इंग्लंडचा तिसरा जॉर्ज आपल्या पाळीव पक्ष्यांना गायला शिकवायचा, हा तिचा विषय. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलोचे वादक चक्क मोठाल्या पिंजऱ्यांत बसून वाजवतात. राजाचं काम करणारा गायक किंचाळतो, घोगरतो, सप्तकंच्या सप्तकं ओलांडतो, आणि शेवटाकडे व्हायोलिनवाल्याच्या हातातून वाद्य हिसकावून मोडतो. (वाद्य अर्थातच स्वस्तातलं वापरतात.)

ही जुळणी रुजण्यामागे कलेइतकंच व्यवहाराचं कारण आहे, आणि त्याबद्दल लाजण्यासारखं काही नाही. समजा तुम्ही ओबो, गिटार, ट्युबा आणि वीणा अशा चार वाद्यांसाठी उत्तम रचना केलीत. पहिला प्रयोग झाला. दुसरा कोण करणार? नेमके हेच चार वादक पुन्हा एकत्र आणायचे आणि त्यांच्यासाठी उरलेल्या दीड तासाचा कार्यक्रमही शोधायचा! पण पाच-सहा वाद्यांची एक जुळणी ठरली की गट उभे राहतात, गट उभे राहिले की संगीतकार त्यांच्यासाठी लिहितात, आणि विद्यापीठांतल्या रचनेच्या विद्यार्थ्यांनाही आपलं लिखाण कुणीतरी वाजवेल याची खात्री मिळते. पाच माणसांचा प्रवासखर्च परवडतो. ऐंशी माणसांचा नाही.

एलियट कार्टर या अमेरिकी संगीतकारानं 'फायर्स ऑफ लंडन'साठीच 'ट्रिपल ड्युओ' लिहिलं, १९८३ मध्ये प्रथम वाजलेलं. त्यात सहा वादकांच्या तीन जोड्या आहेत: फुंकायची दोन वाद्यं, गजाची दोन, आणि घाव घालायची दोन, म्हणजे पियानो आणि तालवाद्यं. प्रत्येक जोडीचा वेग वेगळा, स्वभाव वेगळा. ऐकताना तीन वेगळी संभाषणं एकाच खोलीत चालल्यासारखी वाटतात. कार्टर ऐकायला दमवणारा आहे हे मान्य. पण जोड्या कुठल्या हे माहीत असलं की दमणूक बरीच कमी होते.

जॉर्ज क्रम या अमेरिकी संगीतकाराची वाट वेगळी. हंपबॅक देवमाशांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण ऐकून त्यानं १९७१ मध्ये 'व्हॉक्स बालेने', म्हणजे देवमाशाचा आवाज, ही तिघांसाठीची रचना केली. बासरी, चेलो, पियानो, तिन्हींना ध्वनिवर्धक. वादकांनी काळे अर्धमुखवटे घालायचे, रंगमंचावर गडद निळा प्रकाश. बासरीवाला वाजवतानाच बासरीत गातो, त्यामुळे दोन सूर एकमेकांना घासतात. चेलोवर बोट एका खास तऱ्हेनं घसरवून समुद्रपक्ष्यांचा कलकलाट काढलेला आहे. पियानिस्ट पट्ट्यांवर कमी आणि आत वाकून तारांशीच जास्त खेळतो. मुखवटे बघून नाक मुरडू नका. माणसांचे चेहरे बाजूला सारले की कान कुठलं वाद्य कोण वाजवतंय हा हिशेब सोडून देतो.

आणखी एक वाट फ्रान्समधून निघाली, आणि ती कळायला तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला सोपी जावी. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की सा ऐकू येतो, पण लक्ष दिलं तर वर एक गंधारही चमकतो. कुणी न वाजवलेला, म्हणून आपण त्याला स्वयंभू म्हणतो. भौतिकशास्त्र सांगतं की तार एकाच वेळी पूर्ण लांबीनं, अर्ध्यानं, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागानं अशी कंपत असते; पाचवा अंश म्हणजे हा गंधार. संगीतकार जेरार ग्रिझे आणि त्याच्या मित्रांनी सत्तरच्या दशकात यंत्रांवर असे सूर उकलून पाहिले आणि त्यांतले अंश वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिले. एका सुराच्या पोटातलं जग अनेक वाद्यांनी मोठं करून दाखवायचं.

इथे पियानो अडतो. स्वयंभू गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरा असतो. सातवा अंश कोमल निषादाच्या बऱ्यापैकी खाली. अकरावा तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या जवळजवळ मधोमध, जिथे पियानोवर पट्टीच नाही. बासरी, क्लॅरिनेट आणि गजाची वाद्यं अशा जागा कमीअधिक कष्टानं काढू शकतात. म्हणून १९९६ मध्ये पूर्ण केलेल्या 'व्होर्टेक्स टेम्पोरम'मध्ये ग्रिझेनं पियानोचे चार सूर पाव स्वरानं, म्हणजे शेजारच्या दोन सुरांतल्या अंतराच्या निम्म्यानं, उतरवून घ्यायला सांगितले. ट्यूनर येतो, चार सूर 'बिघडवतो', आणि ठाम बारा सुरांचा पियानो बाकीच्या पाच वाद्यांच्या जगात शिरतो. ग्रिझेच्या मनात यात तीन काळ होते: माणसाच्या बोलण्याचा आणि श्वासाचा, देवमाशांचा अतिसंथ, पक्ष्यांचा आणि किड्यांचा अतिजलद.

यातलं काहीच भावलं नाही तर अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइशचं 'डबल सेक्सटेट' आहे. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं), पियानो, आणि प्रत्येक वाद्य दोनदा. बारा वादकांनी वाजवावं, नाहीतर सहा जणांनी आपल्याच आधी केलेल्या ध्वनिमुद्रणासोबत. २००८ मध्ये 'एट्थ ब्लॅकबर्ड' या अमेरिकी गटानं ते पहिल्यांदा वाजवलं, २००९ चा संगीताचा पुलित्झर पुरस्कार राइशला त्यावर मिळाला. पियानो आणि व्हायब्राफोन, म्हणजे घावाची वाद्यं, अथक धावतात. फुंकायची आणि गजाची वाद्यं वरून लांब सूर ओढतात. मेसियाँचाच हिशेब, फक्त इथे पाय ठेका धरतो.

ऐकायला सुरुवात करायची तर मी राइशपासून करेन, वीसेक मिनिटांचं काम आहे. मग मेसियाँचा सहावा भाग, तिसरा आणि पाचवा, याच क्रमानं. पूर्ण क्वार्टेट पाऊण तासाच्या वर जातं, ते नंतर. जॉर्ज क्रम ऐकायचा तो रात्री, दिवे मालवून. शोनबर्ग कवितांचं भाषांतर हाताशी ठेवून, नाहीतर नुसता आरडाओरडा वाटेल. ग्रिझे सगळ्यांत शेवटी आणि हेडफोन लावूनच, कारण मोबाइलच्या स्पीकरवर पाव स्वराचा फरक वाहून जातो. पहिल्या भागाच्या अखेरीला बाकीची वाद्यं थांबतात आणि पियानो एकटा सुटतो. ते चार उतरवलेले सूर तिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतात.